अण्णांचे टेबल



आयकराच्या हिशेबात लाकडी सामानावर दरसाल १० टक्के घसारा घटत्या शिल्लक पद्धतीने धरला जातो. दर वर्षी उरलेल्या रकमेचाच दहावा हिस्सा वजा होत असल्याने वस्तूचे पुस्तकी मूल्य कितीही घसरले, तरी ते शून्यावर कधी येत नाही. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, १९५९ साली आमच्या सांगलीच्या हळदीच्या अडत दुकानासाठी १२० रुपयांना एक सागवानी टेबल घेतले होते. मी एकदा सहज मांडून पाहिले, तेव्हा साठ वर्षांनंतरचे त्याचे मूल्य सुमारे २२ पैसे भरले.

ती साठ वर्षे पूर्ण झाली २०१९ मध्ये. त्याच वर्षी मे महिन्यात मी बँकेच्या सेवेतून निवृत्त झालो आणि ऑगस्टमध्ये कृष्णेला महापूर आला. धाकट्या भावाने २०११ साली दुकान बंद केल्यापासून हे टेबल माझ्या घरी तळमजल्यावर होते. पाणी कित्येक दिवस ओसरले नाही. ओसरल्यावर पाहिले तर पाय शाबूत होते. पण वरच्या फळीवरचा सागाचा पातळ पापुद्रा जागोजागी सुटून फुगला होता, पॉलिश पांढरे पडले होते आणि सगळ्या घराला यावा तसा गाळाचा वास टेबलालाही येत होता. घरातील सर्वांचे मत एकच पडले की आता हे भंगारात द्यावे. मी ते वरच्या गच्चीलगतच्या खोलीत सावलीत ठेवून दिले. भिजलेले लाकूड उन्हात घातले तर तडकते, ते सावलीत सावकाश वाळू द्यावे लागते, एवढे मला ठाऊक होते. ते इतकी वर्षे वाळेल, असे मात्र वाटले नव्हते.

गेल्या दिवाळीनंतर सूनबाईंनीच विषय काढला. जुन्या सामानाला रंग देऊन त्यावर चित्रांचे कागद चिकटवण्याची कला त्यांनी पाहिली होती. तिचे नाव ‘देकुपाज’. हा शब्द कापणे या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदावरून आला आहे. अठराव्या शतकात युरोपात चिनी आणि जपानी लाखकामाच्या सामानाला मोठी मागणी होती, पण ते सामान सर्वांना परवडणारे नव्हते. तेव्हा व्हेनिसच्या कारागिरांनी छापील चित्रे कापून लाकडावर चिकटवली आणि वर रोगणाचे थरावर थर चढवून हुबेहूब लाखकामाचा भास निर्माण केला. त्या कामाला तेथे ‘गरिबांची लाख’ अशा अर्थाचे नाव पडले होते. याच शतकात इंग्लंडमध्ये मेरी डेलानी नावाच्या बाईंनी वयाच्या ७२ व्या वर्षाच्या सुमारास रंगीत कागदाचे बारीक तुकडे कापून फुलांची चित्रे करावयास घेतली आणि पुढील दहाएक वर्षांत जवळजवळ एक हजार चित्रे पूर्ण केली. ती आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. निवृत्त माणसाला असे दाखले फार धीर देतात. मी कामाला लागलो.

आमच्या ओळखीच्या सुतार मिस्त्रींनी पहिला धडा दिला, तो असा: अस्सल सागवानावर रंग चढवू नये, ज्या भागाचे लाकूड पाहण्याजोगे उरलेले नाही, तेवढाच झाकावा. आमच्या टेबलाचे पाय, चौकट आणि ड्रॉवर भरीव सागाचे होते. त्यांना केवळ स्वच्छ करून तेलपाणी पुरेसे होते. वरची फळी मात्र मूळची नव्हती. सत्तरीच्या दशकात अण्णांनी ती प्लायवूडची बदलून घेतली होती आणि पुराने नासवली ती तीच. रंग आणि कागद तेवढ्यापुरतेच.

दुसरी गोष्ट जिवाणूंची. पायांना बारीक छिद्रे होती. ती जुनी की आत अजून भुंगेरे आहेत, हे कळल्यावाचून पुढे जाणे आपल्या घरात शक्य नाही. मिस्त्रींनी सोपी युक्ती सांगितली. प्रत्येक पायाखाली काळा कागद पसरावा आणि आठ दिवस टेबल हलवू नये. आत जीव असेल तर लाकडाची पिठी कागदावर पडलेली दिसते. आठ दिवसांनी कागद कोरे निघाले, तेव्हा छिद्रे भरण्यास हरकत उरली नाही.

तिसरी गोष्ट पॉलिशची. जुने पॉलिश कशाचे आहे ते ओळखण्यासाठी न दिसणाऱ्या कोपऱ्यावर स्पिरिटमध्ये भिजवलेला कापूस दाबून धरावा. थर मऊ होऊन चिकटू लागला, तर ते लाखेचे. आमचे लाखेचेच निघाले. लाख हा पळस, कुसुम, बोर अशा झाडांवर वाढणाऱ्या एका सूक्ष्म कीटकाचा स्राव आहे आणि तो गोळा करताना असंख्य कीटकांचा नाश होतो. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत ‘लाक्षावाणिज्य’ मोजले आहे, ते याच कारणाने. पाणीसुद्धा गाळून पिणारे आमचे अण्णा बावन्न वर्षे चाललेल्या पेढीवर जन्मभर लाखेच्या पॉलिशवर हात टेकून बसले आणि त्यांना ते कोणी सांगितले नाही. जुन्या सांध्यांतील सरसही जनावरांच्या कातड्या-हाडांचाच. आज पर्याय सुदैवाने सहज मिळतात. पांढरा कृत्रिम गोंद, पाण्यात विरघळणारे पॉलियुरेथेनचे रोगण आणि नायलॉनच्या केसांचे ब्रश घेतले की हे सारे काम प्राणिज वस्तूंवाचून होते. ब्रश घेताना विशेष पाहावे, कारण उत्तम म्हणून विकले जाणारे कित्येक ब्रश डुकराच्या केसांचे असतात.

प्रत्यक्ष काम पुढीलप्रमाणे झाले. प्रथम सौम्य साबणाच्या पाण्यात पिळलेल्या फडक्याने टेबल पुसले आणि दोन दिवस वाळू दिले. सुटलेल्या पापुद्र्याखाली पातळ पट्टीने गोंद सारला. वर प्लॅस्टिकचा कागद अंथरून त्यावर वजन ठेवावयाचे होते. माळ्यावर दुकानातील तराजूची लोखंडी वजने होती. पाच आणि दहा किलोंची ती वजने चोवीस तास फळीवर ठेवली. हळद तोलून झिजलेली ती वजने पुन्हा अण्णांच्या टेबलावर आली, हे पाहून सौभाग्यवती काही वेळ तेथेच उभ्या राहिल्या. उडालेल्या टवक्यांच्या जागी लांबी भरली. मग १२० क्रमांकाच्या पॉलिश पेपरने आणि नंतर २२० च्या पेपरने लाकडाच्या रेषांच्या दिशेने हलक्या हाताने घासले. पापुद्रा एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असतो, जोर लावला तर खालचे प्लाय उघडे पडते. घासताना नाकातोंडावर मास्क हवा. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्याने आधी रंगवलेले सामान तर कोरडे घासूच नये.

येथे माझी एक चूक झाली. फळीच्या उजव्या कोपऱ्यात शाईचा तळहाताएवढा जुना डाग होता. त्यावर मी पाण्याचा प्रायमर लावला. सकाळी पाहतो तो डाग निळसर होऊन वर आलेला. पुन्हा हात दिला, पुन्हा वर आला. पाण्यात विरघळणारा डाग पाण्याच्या थराने झाकला जात नाही, हे वाणिज्याच्या पदव्युत्तर पदवीधराला दोन दिवसांनी उमगले. तेलाचा प्रायमर लावल्यावर तो थांबला. त्यावर मलईच्या रंगाचे दोन हात दिले. खालचा रंग फिकटच हवा, कारण पातळ कागद गोंदाने भिजला की पारदर्शक होतो आणि तळाचा रंग त्यातून दिसतो.

मग कागदाचा प्रश्न आला. सूनबाईंनी लांबट हिरवी पाने आणि पांढरी फुले छापलेला पातळ कागद आणला होता. पाने थेट हळदीच्या पानांसारखी दिसत होती. माझ्या मनात मात्र वेगळेच होते. पुरातून वाचलेल्या काही खतावण्या माळ्यावर होत्या. मोडीच्या वळणाचे अण्णांचे अक्षर, लाल रेघा, हळदीच्या पोत्यांचे आकडे हे सारे टेबलावर उतरले तर किती शोभेल! मूळ पाने कापावयाची नव्हती आणि त्यांची शाईही गोंदात पसरली असती. म्हणून मी लेझर प्रती काढून आणल्या, कारण त्यांची शाई पाण्याने फुटत नाही. ‘श्री’कार असलेले पहिले पान तेवढे वगळले. ज्यावर कप ठेवावयाचे, त्यावर ते नको. घरात पडून असलेल्या लग्नपत्रिकाही याच कारणाने वापरू नयेत, त्यांवर भगवंतांची चित्रे असतात.

प्रती फळीवर मांडून ठेवल्या होत्या, तेवढ्यात धाकटा भाऊ आला. त्याने चष्मा लावला आणि एकेक पान वाचले. मग म्हणाला, “दादा, ही चोपडी आहे. यात लोकांची नावे आहेत. कोणाकडे किती राहिले, कोणी हळद पेवात असतानाच पैसे उचलले, सारे आहे. त्यांची नातवंडे तुझ्याकडे चहाला येतात.”

मी छत्तीस वर्षे बँकेत काढली. खातेदाराची माहिती बाहेर जाता कामा नये, हे मी किती कनिष्ठ सहकाऱ्यांना शिकवले असेल, त्याची गणती नाही. आणि आपल्याच वडिलांच्या खातेदारांची देणी मी दिवाणखान्यात मांडावयास निघालो होतो. अण्णांनंतर पेढी ज्याने चालवली, त्याला हे दिसले. मला दिसले नाही. त्या प्रती मी त्याच्यासमोर फाडल्या. फळीवर हळदीची पाने आली.

चिकटवण्याचे काम नातीने आणि मी मिळून केले. आधी सारे तुकडे कोरडेच मांडून त्याचे मोबाइलवर छायाचित्र काढून ठेवले, म्हणजे ऐन वेळी गोंधळ होत नाही. तीन भाग गोंदात एक भाग पाणी मिसळले. गोंद कागदाला न लावता फळीला पातळसा लावला आणि कागद मधून कडेकडे पसरवत नेला. आतली हवा बाहेर काढण्यास माझे मुदत संपलेले डेबिट कार्ड उत्तम उपयोगी पडले. जेथे बुडबुडा राहिलाच, तेथे सुईने टोचून थोडा गोंद भरला. एक दिवस वाळल्यावर रोगणाचे पातळ हात सुरू केले. पूर्वीचे कारागीर तीस-चाळीस हात देत, म्हणजे बोट फिरवले तरी कागदाची कड लागत नसे. मी आठांवर थांबलो. दर दोन हातांनंतर ४०० क्रमांकाच्या पेपरने नाममात्र घासले आणि धूळ पुसली. तेलाचे रोगण कालांतराने पिवळे पडते, पाण्याचे स्वच्छ राहते. ते तासाभरात हाताला कोरडे लागते, तरी पूर्ण कठीण होण्यास तीन-चार आठवडे घेते. तोवर त्यावर गरम भांडे ठेवू नये. पावसाळ्यात तर हे काम काढूच नये. दमट हवेत एकही थर नीट वाळत नाही.

रोगण वाळण्याची वाट पाहताना ड्रॉवर हाती घेतला. तो मी शेवटासाठी ठेवला होता. तळाला वर्तमानपत्राचा कागद होता. पुराच्या पाण्याने त्याचा लगदा होऊन तो लाकडाला घट्ट बसला होता. ओले फडके ठेवून तो थोडा थोडा सोडवला, तेव्हा खाली लाकडावर पेन्सिलीने लिहिलेल्या ओळी दिसल्या. शाईच्या खतावण्या पुराने धुऊन नेल्या होत्या. पेन्सिलीला पाण्याने काही होत नाही.

सर्वांत वर होते, “धाकट्याचे नाव कॉलेजातून काढले. जून ७९.” त्याखाली दोन रकाने. डावीकडे “थोरला, नावे”, उजवीकडे “धाकटा, जमा”. जुलै १९७९ ते एप्रिल १९८१ अशा बावीस महिन्यांच्या बावीस ओळी, दोन्हीकडे प्रत्येक ओळीत ७५. खाली बेरीज १६५०.

ती रक्कम मी ओळखली. एम.कॉम.साठी मी कोल्हापूरला राहत होतो, तेव्हा दर महिन्याला मला ७५ रुपयांची मनीऑर्डर येत असे. ते पैसे कोठून येतात, हे मी कधी विचारले नाही. घेणाऱ्याच्या नावे, देणाऱ्याच्या जमा, हा जमाखर्चाचा पहिला नियम मी त्याच दोन वर्षांत परीक्षेच्या उत्तरपत्रिकांत लिहीत होतो. अण्णांचा दंडक होता की घरची गोष्ट दुकानाच्या चोपडीत येता कामा नये. म्हणून त्यांनी ते खाते तेथे लिहिले असावे. खाते पूर्ण झाले की बेरजेखाली दोन रेघा ओढतात. अण्णांनी त्या ओढल्या नव्हत्या.

वाचकहो, प्रामाणिकपणे सांगतो, मी प्रथम गणकयंत्र हाती घेतले. १६५० रुपयांचे चक्रवाढ व्याजाने आज किती होतील, हे काढू लागलो. अर्ध्यावर स्वतःचीच लाज वाटून ते ठेवून दिले. लाज केवळ व्याजाची नव्हती. “धाकट्याला अभ्यासाची गोडी नव्हती, म्हणून तो दुकानात बसला,” असे मी चाळीस वर्षे पाहुण्यांना सांगत आलो होतो. कधी कधी त्याच्यासमोरसुद्धा.

संध्याकाळी त्याला बोलावून घेतले आणि ड्रॉवर उलगडून दाखवला. त्याने चष्मासुद्धा काढला नाही खिशातून.

“ते मला ठाऊक आहे, दादा,” तो म्हणाला. “दर दिवाळीला त्या ड्रॉवरचा कागद मीच बदलत होतो ना.”

म्हणजे वर्षातून एकदा, तीस वर्षे, त्याने त्या ओळी पाहिल्या होत्या आणि त्यांवर नवा कागद अंथरला होता. पाहुण्यांसमोरचे माझे वाक्य ऐकतानाही त्याला त्या ठाऊक होत्या. मी त्या वाक्याबद्दल त्याची क्षमा मागितली. संवत्सरीला आपण सर्वांना ‘मिच्छामि दुक्कडम्’ म्हणतो. त्यालाही दर वर्षी म्हणत आलो आहे. कशाबद्दल म्हणतो आहोत हे ठाऊक असून ते उच्चारण्याची ही माझी पहिलीच वेळ होती. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि मग हसून म्हणाला, “गणितात मला तुझ्यापेक्षा जास्त गुण होते, हे तरी सांगत जा.”

टेबल तू घेऊन जा, असे मी म्हटले. त्याने आढेवेढे घेतले नाहीत. फक्त म्हणाला, “ड्रॉवरला पहिल्यासारखा कागद घाल.” मी मोजपट्टी आणावयास उठलो, तोवर त्याने त्या दिवशीचे वर्तमानपत्र घेऊन, न मोजता, नजरेच्या अंदाजाने कापून आत बसवले होते. चारही कोपरे नेमके बसले.

साऱ्या कामाला १,८४० रुपये खर्च आला. घसाऱ्याच्या हिशेबाने २२ पैशांच्या वस्तूवर १,८४० रुपये घालणे कोणत्याही कर्ज-समितीने मंजूर केले नसते. तरीही आपल्या घरी एखादे जुने टेबल, पाट किंवा पेटी अडगळीत पडली असेल, तर भंगारात देण्यापूर्वी तिचे ड्रॉवर आणि तळ एकदा स्वच्छ पुसून पाहावेत, अशी माझी विनंती आहे. रंग आणि कागद नंतर.

टेबल आता भावाकडे आहे आणि त्याचा नातू त्यावर अभ्यास करतो. चार आठवडे गरम कप ठेवू नको, असे मी बजावले होते. तिसऱ्याच आठवड्यात पाहावयास गेलो, तर हळदीच्या पानांवर चहाचा कप होता. खाली जाड पुठ्ठा मात्र होता. त्याने दुसरा पुठ्ठा माझ्यासमोर सरकवला.